उगवतानाच ग्रहण लागलेला सूर्य: डोळे आणि मोबाईल सांभाळून तो कसा बघायचा, फोटो कसा काढायचा

नंदुरबार : २२ जुलै २००९, बुधवार. आषाढ अमावास्या. त्या दिवशी जिल्ह्यात सूर्य उगवला तो अर्ध्याहून जास्त झाकलेलाच. ग्रहण क्षितिजाखाली असतानाच, साडेपाचच्या सुमारास लागलं होतं. सूर्य वर आल्यावर साधारण वीस मिनिटांत तो पूर्ण झाकला गेला. सुरतेकडून आलेला खग्रास पट्टा नंदुरबार जिल्ह्यावरून इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटण्याकडे गेला. एकविसाव्या शतकातलं सगळ्यात लांबलेलं खग्रास ग्रहण ते हेच. पॅसिफिक महासागरात ते ६ मिनिटं ३९ सेकंद टिकलं, आपल्याकडे साधारण तीन मिनिटांत आटोपलं.

पण पावसाळा होता. बिहारमधल्या तारेगणा गावात जगभरातून लोक जमले होते, तिथे ढगांनी घात केला. वाराणसीच्या घाटांवर मात्र लोकांना दिसलं. त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली पोरं आज स्वतः आईबाप आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. २००९ साली गावात असे फोन हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणून आता प्रश्न नुसता बघण्याचा राहिलेला नाही. ग्रहण लागलं की शंभर हात मोबाईल घेऊन वर जातात, आणि मोबाईल धरणारा माणूस स्क्रीनच्या कडेवरून हमखास एकदा तरी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघतो. धोका तिथेच आहे.

पंचांगात याला शब्द आहे

सूर्य ग्रहण घेऊनच उगवला तर पंचांगात त्याला ग्रस्तोदित म्हणतात, ग्रहण लागलेलं असतानाच मावळला तर ग्रस्तास्त. २५ ऑक्टोबर २०२२ चं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं ग्रहण अनेकांना आठवत असेल. ते ग्रस्तास्त होतं. संध्याकाळी पावणेपाचच्या आसपास लागलं आणि सूर्य तसाच कापलेला मावळला. पुढच्या कुठल्याही ग्रहणाची बातमी आली की आधी एवढंच बघा, ते आपल्या गावात ग्रस्तोदित आहे, ग्रस्तास्त आहे, की सूर्य चांगला वर असताना आहे. तयारी त्यावर ठरते.

डोक्यावरच्या ग्रहणात लोक सावध असतात, कारण सूर्याकडे बघवतच नाही. उगवतीचा सूर्य मात्र फसवतो. तो लाल असतो, मऊ दिसतो, डोळे दिपत नाहीत. आजोबा रोज सकाळी अर्घ्य देताना बघतातच की, मग ग्रहणात बघितलं तर काय झालं, असं वाटतं. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो, डोक्यावरच्या सूर्यापेक्षा तीस-चाळीस पट जाड थरातून. निळा-जांभळा उजेड वाटेत विखुरतो, तांबडा उरतो. त्याच्यासोबत डोळ्यांना न दिसणारी उष्ण किरणंही येतात. शिवाय पहाटेच्या अंधारात बुबुळातली बाहुली मोठी झालेली असते, म्हणजे आत जास्त प्रकाश शिरतो. आणि सूर्य एका जागी थांबत नाही. पहिल्या पाच मिनिटांत सोसवणारा सूर्य पंधरा मिनिटांनी सोसवणारा राहत नाही, पण नजर तोवर खिळलेली असते.

त्यात ग्रहणाची भर. सूर्याचा मोठा भाग झाकला की एकूण उजेड कमी होतो आणि डोळे मिटून घ्यावेत असं वाटत नाही. पण जी कोर उघडी आहे ती तेवढीच प्रखर असते. ती कोर डोळ्याच्या पडद्यावर जिथे पडते तिथे डाग पडतो. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे बघताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी समजतं. मधोमध धूसर ठिपका दिसतो, वाचताना अक्षर गायब होतं, सरळ रेघ वाकडी दिसते, रंग फिके वाटतात. काहींची नजर काही महिन्यांत बरीचशी सुधारते, काहींची कायमची अधू राहते. यावर थेंब टाकून बरं होईल असं औषध नाही. दूध, मध, गुलाबपाणी काहीही घालत बसू नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

परातीतलं पाणी सकाळी चालत नाही

गावाकडे जुनी पद्धत आहे. परातीत पाणी घ्यायचं, त्यात हळद किंवा शेण कालवायचं आणि सूर्याचं प्रतिबिंब बघायचं. त्याच परातीत मुसळही उभं करतात. मुसळ उभं राहिलं की ग्रहण लागलं म्हणतात. (नीट तोल साधला तर मुसळ कुठल्याही मंगळवारी उभं राहतं, करून बघा.) सूर्य डोक्यावर असताना स्वच्छ पाणी शंभरातला दोन भागच उजेड परत फेकतं, तरीही ते प्रतिबिंब डोळ्यांना सुरक्षित नसतं. सूर्य क्षितिजालगत असताना मात्र प्रकाश पाण्यावर तिरका घासून येतो आणि निम्म्याहून जास्त उजेड सरळ डोळ्यांत परततो. तापीच्या पात्रात किंवा गावतळ्यात सकाळी सूर्याचा लखलखता पट्टा दिसतो तो यामुळेच. त्या पट्ट्याकडे बघणं जवळपास सूर्याकडे बघण्यासारखंच आहे.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, दोन गॉगल एकावर एक, जुन्या कॅसेटची फीत, यातलं काहीच चालत नाही. या वस्तू उजेड कमी करतात, पण उष्ण किरणं अडवतीलच याची खात्री नसते. वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरची. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात रोजच्या कामाची काच बहुतेक त्याहून कमी नंबरची असते. नंबर काचेवर छापलेला असतो, तो वाचा. नंबर नसेल तर ती काच घेऊ नका.

ग्रहण बघायचा चष्मा घेताना त्यावर आयएसओ १२३१२-२ असं लिहिलेलं हवं. पण छापलेलं सगळंच खरं नसतं, म्हणून घरी तपासा. चष्मा लावून घरात बघितलं तर काहीही दिसता कामा नये, ट्यूबलाइटसुद्धा नाही. दिसलाच तर फक्त फार प्रखर एलईडी, तोही मंद ठिपक्यासारखा. चष्म्यावर ओरखडा असेल, सुईएवढं भोक असेल, घडी पडून फिल्म सुटली असेल तर तो फेकून द्या. नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी तो काढू नये, त्याच्यावरून ग्रहणाचा चष्मा लावावा. आधी मान खाली, चष्मा लावायचा, मग वर बघायचं. काढतानाही आधी तोंड फिरवायचं. लहान पोरांच्या चष्म्याला मागून इलॅस्टिक बांधा, कारण पोरं नाकावरून खाली सरकवून बघतातच.

सूर्योदयाच्या ग्रहणात नेमकी इथे गफलत होते. चष्मा इतका गडद असतो की क्षितिजावरचा लाल सूर्य त्यातून पहिली काही मिनिटं दिसतच नाही. लोक म्हणतात, चष्मा खराब निघाला, आणि काढून बघतात. चष्मा खराब नसतो. थांबायचं. सूर्य दोन-तीन बोटं वर आला की कोर स्वच्छ दिसायला लागते.

आदल्या दिवशी जागा बघून ठेवा

सूर्योदयाच्या ग्रहणाची अर्धी तयारी म्हणजे जागा. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो हे वर्षातून दोनच दिवस खरं असतं. जुलैच्या शेवटी आपल्या भागात तो पूर्वेपासून उत्तरेकडे वीस-बावीस अंश सरकून उगवतो, डिसेंबरात त्याहून थोडा जास्त दक्षिणेकडे. हात सरळ लांब करून मूठ वळली की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. म्हणजे जुलैत पूर्वेपासून डाव्या हाताला दोन मुठी. त्याहून सोपं म्हणजे आदल्या दिवशी पहाटे त्याच जागी उभं राहा. सूर्य जिथे उगवेल, जवळपास तिथेच तो दुसऱ्या दिवशी उगवणार.

मग उंची मोजा. आपल्याकडे सूर्य एक मूठ वर यायला पाऊण तास लागतो. धडगाव, अक्कलकुव्याकडे सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर पूर्वेला डोंगर एक मूठ उंच दिसत असेल, तर तुमच्यासाठी सूर्योदय पाऊण तास उशिरा होतो. २००९ सालचा खग्रास क्षण सूर्य फक्त चार अंशांवर, म्हणजे जेमतेम तीन बोटं वर असताना आला. डोंगराआडच्या माणसाला आकाश निरभ्र असतं तरी सूर्य दिसला नसता, अंधार तेवढा कळला असता. तापीकाठच्या सपाट शिवारातही झाडं आडवी येतात. चाळीस फूट उंच लिंबाचं झाड पाचशे फुटांच्या आत असलं तर चार अंशांवरचा सूर्य झाकतं. त्यामुळे बांधावरचं झाड, केळीची बाग, उसाचा फड, शेजाऱ्याची माडी, सगळं हिशेबात धरा.

उंच जागा हवी म्हणून पाण्याच्या टाकीवर किंवा शेवाळलेल्या स्लॅबवर चढू नका, विजेच्या तारांजवळ तर नकोच. पावसाळी पहाटे शेतात जाताना बॅटरी आणि पायात बूट हवेतच. ग्रहणापेक्षा बांधावरचा साप जास्त जवळ असतो. रस्त्यावरून जाताना समोर सूर्य असेल तर गाडी मध्येच उभी करून बघू नका, मागचा ड्रायव्हरही दिपलेलाच असतो.

घरबसल्या, भिंतीवर

सूर्य खाली असण्याचा एक मोठा फायदा आहे, त्याचा उजेड आडवा घरात शिरतो. पूर्वेकडचं दार किंवा खिडकी पुठ्ठ्याने झाका, पुठ्ठ्याला खिळ्याने एकच बारीक भोक पाडा आणि समोरच्या भिंतीवर बघा. भोकातून सूर्याचं उलटं चित्र पडतं. भोकापासून भिंत एक मीटरवर असेल तर चित्र नऊ मिलिमीटरचं, पाच मीटरवर असेल तर साडेचार सेंटिमीटरचं. पत्र्याच्या घरात खिळ्याची जुनी भोकं असतात, तिथे तर काही करावंच लागत नाही, भिंतीवर ओळीने कोरी उमटतात. पीठ चाळायची चाळणी धरली तर शंभर कोरी. पहिली दहा मिनिटं चित्र फिकं असतं, नंतर उजळतं.

शाळेसाठी आरसा बरा. लहान आरशावर कागद चिकटवायचा, कागदाला मधोमध एक सेंटिमीटरचं भोक. अंगणात आरसा सूर्याकडे करून कवडसा सावलीतल्या भिंतीवर पाडायचा. वीस मीटरवरच्या भिंतीवर अठरा सेंटिमीटरचा सूर्य उमटतो, सगळा वर्ग सूर्याकडे पाठ करून एकाच वेळी बघू शकतो. फक्त आरशात कुणी डोकवायचं नाही आणि कवडसा कुणाच्या तोंडावर मारायचा नाही.

हे मुद्दाम सविस्तर सांगायचं कारण असं की ग्रहणात पोरांना घरात कोंडून ठेवायची पद्धत अजून आहे. ज्यांना उपास, स्नान, दान पाळायचं त्यांनी पाळावं, त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. ग्रहणाच्या सावलीने अन्न नासत नाही, पोटातल्या बाळालाही काही होत नाही. पण कोंडलेलं पोर खिडकीच्या फटीतून चोरून बघतं, तेही चष्म्याशिवाय. त्याला भिंतीवरची कोर दाखवली तर ते फटीकडे जाणार नाही.

आता मोबाईल

आधी एक निराशा. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यात सूर्य फार लहान येतो. पूर्ण फोटो चार हजार ठिपके रुंद असेल तर त्यात सूर्य तीसेक ठिपक्यांचा. बोटांनी झूम केलं तरी तेच तीस ठिपके मोठे होतात, कोर काही स्पष्ट होत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे मोठे, कोरीव फोटो मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचे असतात, किंवा मग बनवलेले.

तरीही सूर्याचाच फोटो हवा असेल तर ग्रहणाच्या चष्म्याच्या फिल्मचा तुकडा मोबाईलच्या लेन्सवर टेपने चिकटवा. ज्या लेन्सने फोटो निघतो तीच झाकली गेली आहे ना, हे बघा, हल्ली मागे तीन-तीन लेन्स असतात. फ्लॅश बंद. स्क्रीनवर सूर्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. मोबाईल विटेला किंवा स्टँडला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबतानाच फोटो हलतो. सूर्य वर चढेल तसा उजेड वाढत जातो, म्हणून दर पाच मिनिटांनी उजेड नव्याने जुळवावा लागतो. उघडी लेन्स सूर्यावर रोखून तासभर व्हिडिओ काढला तर कॅमेऱ्याचा सेन्सर बिघडू शकतो.

फिल्म नसेल तर एक गंमत आहे. सूर्य थोडा कडेला ठेवून फोटो काढला की लेन्सच्या आतल्या परावर्तनामुळे फोटोत दुसरीकडे एक छोटा हिरवट-निळा ठिपका येतो. खरा सूर्य नुसता पांढरा गोळा दिसतो, पण तो ठिपका कोरीच्या आकाराचा असतो.

दुर्बिणीच्या मागे मोबाईल लावण्याचा उद्योग मात्र करू नका, आणि ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीत तर अजिबात बघू नका. दुर्बीण ऊन गोळा करते, चष्म्याची फिल्म क्षणात जळते आणि मागे डोळा असतो. दुर्बिणीचं फिल्टर पुढच्या, सूर्याकडच्या तोंडावर लागतं, तेही त्यासाठीच बनवलेलं.

खरं म्हणजे मोबाईलने चांगले निघतात ते सूर्याचे नव्हे, गावाचे फोटो. चष्मा लावून ओळीने बसलेल्या आज्या, भिंतीवरच्या कोरी, लिंबाखाली पानापानांतून पडलेले शेकडो कापलेले कवडसे, धुक्यातून दिसणारी बैलगाडीची काळी आकृती. त्याला फिल्म लागत नाही, आणि नजर सूर्यापासून दूर राहते. रात्री वीज असेल तेव्हाच फोन पूर्ण चार्ज करा, जुने व्हिडिओ काढून जागा रिकामी करा, पहाटे लेन्सवर दव किंवा वाफ धरते ती सुती कापडाने पुसा. एक मोबाईल विटांमध्ये टेकवून टाइम-लॅप्सवर गावाकडे तोंड करून ठेवला तर अंधार येता-जाताना आपोआप टिपला जातो. ढग असले तरी हा व्हिडिओ वाया जात नाही.

खग्रास पट्ट्यात असाल तर सूर्य शंभर टक्के झाकला गेल्यानंतर, तेवढाच वेळ उघड्या डोळ्यांनी बघता येतं. हिऱ्याच्या अंगठीसारखा पहिला ठिणगीएवढा उजेड परत आला की चष्मा लगेच डोळ्यांवर. खंडग्रास ग्रहणात असा एकही क्षण नसतो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चष्मा हवाच.

तेच ग्रहण परत येतंय, पण दुपारी

ग्रहणांचीही घराणी असतात. १८ वर्षं ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास तशाच मांडणीत परत येतात, याला सारोस चक्र म्हणतात. २२ जुलै २००९ मध्ये १८ वर्षं ११ दिवस मिळवा, २ ऑगस्ट २०२७ येतो. तोही आषाढ अमावास्येचाच दिवस, सोमवार. पण वरचे आठ तास राहिले ना! तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती एक तृतीयांश फिरते, म्हणून खग्रास पट्टा पश्चिमेला सरकला. या वेळी तो स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेनवरून जाणार आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त झाकलेला राहील. जेद्दा, मक्केतही खग्रास दिसेल, त्यामुळे तिकडे कामाला असलेल्या भावबंदांना हा मजकूर जरूर पाठवा.

आपल्याकडे त्या दिवशी दुपारनंतर, चारच्या पुढे, सूर्याचा एक भाग झाकलेला दिसेल. खंडग्रास, म्हणजे पूर्ण वेळ चष्मा. सूर्य पश्चिमेच्या आकाशात असेल, तेव्हा जागा पश्चिम मोकळी असलेली बघायची, आणि भिंतीवरच्या कोरींसाठी पुठ्ठा पश्चिमेच्या खिडकीला लावायचा. सोमवार असल्याने शाळा भरलेल्या असतील. मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी चष्म्यांची चौकशी महिनाभर आधी केली तर बरं, २०२२ साली अनेकांना चष्म्याची आठवण ग्रहण लागल्यावरच झाली. ढग असतील की नाही हे जुलै संपल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, पण पुठ्ठा आणि खिळा घरात असतोच.